पाहिली, समजली, सही केली

ग्वाल्हेरचे कारखाने ग्वाल्हेरात शोधू नयेत. बिर्लानगरच्या जे. सी. मिलला टाळे लागून तीस वर्षे उलटली. आता उद्योग म्हणजे एकीकडे मालनपूर, ते भिंड जिल्ह्यात. दुसरीकडे बानमोर, ते मुरैना जिल्ह्यात. शहराच्या लष्कर भागातून डबा घेऊन निघालेला माणूस रोज जिल्हा ओलांडून कामावर जातो. सुरक्षेनेही असेच स्थलांतर केले आहे. पूर्वी ती यंत्रापाशी शोधायची असे, आता तिचा मुक्काम पडद्यावर असतो.

ठेकेदाराने आणलेला नवा गडी गेटवर आला की त्याला आधी एका खोलीत बसवतात. या खोलीत एसी असतो. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना एवढ्यासाठी तरी सुरक्षेबद्दल आदर वाटतो. दिवे मालवतात आणि फिल्म सुरू होते. त्यातला कारखाना आरशासारखा लखलखीत, कामगार नुकतेच न्हाऊन आलेले, हेल्मेटवर ओरखडा नाही. निवेदक आकाशवाणीच्या हिंदीत बजावतो, 'व्यक्तिगत सुरक्षा उपकरणों का उपयोग अनिवार्य है.' भिंडकडचा गडी मान डोलावतो. त्याला एवढेच कळते, की काहीतरी अनिवार्य आहे आणि ते आपल्याला मिळणार नाही.

मग प्रश्नावली. चार पर्यायांतला सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, हे ज्ञान जुने गडी नव्याला फुकट देतात. खरे प्रशिक्षण म्हणावे ते एवढेच. शेवटी रजिस्टरात सही: पाहिली, समजली. फिल्म कामगाराला दाखवतात, पण काढलेली असते ती या सहीसाठी. उद्या बोट गेले तर बोट सापडो न सापडो, सही सापडते.

कायद्याला एवढे पुरत नव्हते. 1984 साली याच राज्यात भोपाळ घडले. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि मालकाच्या डोक्यावर चार गोष्टी बसल्या: माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख. प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क झाला. आपण कल्पक लोक. चारही गोष्टी एका पेनड्राइव्हमध्ये बसवल्या.

या फिल्मांचे कथानक ठरलेले असते. गडी सैल बाहीचा शर्ट घालतो, मोबाइलवर बोलतो, मित्राची थट्टा करतो आणि पुढच्या दृश्यात रुग्णवाहिका येते. म्हणजे चूक त्याची. हलत्या यंत्राला कठडा, म्हणजे गार्ड, घालणे हे 1948 च्या मूळ कायद्यानुसार मालकाचे काम; पण उत्पादन वाढावे म्हणून गार्ड काढून कोपऱ्यात ठेवणारा व्यवस्थापक खलनायक आहे, अशी फिल्म आमच्या पाहण्यात नाही. कदाचित नटाच्या तारखा मिळत नसतील.

पॉवर प्रेसचेच घ्या. मानेसर-फरिदाबादकडे वाहनांचे सुटे भाग करताना बोटे गमावणाऱ्या कामगारांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यांतले बहुतेक अपघात प्रेसवरचे. यावर उपाय आहे, तो असा: प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा लावायचा, हात आत गेला की प्रेस आपोआप थांबते. या सेन्सरला हिंदी यावे लागत नाही. गडी रात्रपाळीत पेंगला तरी सेन्सर पेंगत नाही. पण त्याला प्रत्येक यंत्रामागे पैसे पडतात, आणि फिल्म एकदा घेतली की हजार जणांना दाखवता येते. दोन्हींना पडदाच लागतो, मग स्वस्तातला का नको?

तरी कारखान्यात कॅमेरे नाहीत असे कुणी म्हणू नये. ते भरपूर आहेत. तंबाखू मळायला कोण किती मिनिटे गेला, हे त्यांना अचूक दिसते. काढून ठेवलेला गार्ड मात्र त्यांच्या नजरेत येत नाही. तो हलत नाही ना!

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली याच दिवशी स्थापन झाली. सगळे हात पुढे करून शपथ घेतात, ज्यांचे हात शाबूत आहेत ते. घोषवाक्य स्पर्धेत पहिले बक्षीस थर्मास. आणि आता तर 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात निरीक्षक नुसता निरीक्षक राहिला नाही, तो सुविधा करून देणाराही झाला. कुणाची सुविधा, हे विचारणे असभ्यपणाचे.

आमची एक विधायक सूचना आहे. फिल्म कामगारांनीच काढावी: आपल्याच शॉपमध्ये, आपल्याच मोबाइलवर, आपल्याच बोलीत, फक्त तीन मिनिटांची. कुठला गार्ड गायब आहे, कुठली वायर उघडी आहे, कुठला आणीबाणीचा दरवाजा मालाच्या खोक्यांनी बंद झाला आहे. मग ती मालक आणि व्यवस्थापकांना मे महिन्यात, शॉपमध्येच, पंख्याविना दाखवावी. नंतर प्रश्नावली, आणि रजिस्टरात त्यांची सही: पाहिली, समजली.

सूचना व्यवस्थापनाला फार आवडली, असे कळते. अडचण एकच निघाली. शॉपमध्ये मोबाइल नेण्यास सक्त मनाई आहे, सुरक्षेच्या कारणास्तव.