टेलचा टेस्टर

वैजापूर तालुक्यातील जी तरुण मंडळी हिंजवडीच्या कंपन्यांची चाकरी गावच्या माडीवर बसून करू लागली आहेत, त्यांच्या कृपेने सॉफ्टवेअर रचण्याच्या अजाईल नामक शास्त्राचा परिचय आम्हांस अनायासे घडला. सन 2001 मध्ये अमेरिकेतील स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा सद्गृहस्थांनी त्याचा जाहीरनामा सिद्ध केला. आणि त्याच संप्रदायातील स्क्रम पद्धतीची 2020 ची पुस्तिका सांगते की, प्रॉडक्ट ओनर एक, स्क्रम मास्टर एक, बाकी सारे डेव्हलपर. पोटपथक नाही, उतरंड नाही, कामाचा जाब संपूर्ण टीमने द्यावयाचा. निजामी अमदानीत चपराशापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकास निराळा सलाम ठोकणाऱ्या तालुक्यास हे समतेचे फर्मान गोड लागावे, यात नवल ते काय!

परंतु सामुदायिक जबाबदारीचे धडे नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याने आम्हांस पूर्वीच दिले आहेत. चारी सर्वांची, गाळही सर्वांचा, म्हणून तो उपसावयास कोणीच जात नाही. आणि आवर्तन सुटले म्हणजे शीर्षाकडील बागाईतदार सर्वांच्या वतीने पाणी घेतो व टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी ओल्या मातीच्या वासावर समाधान मानतो.

टीममधील टेलचा शेतकरी म्हणजे टेस्टर, तयार झालेले सॉफ्टवेअर तपासणारा. पुस्तिकेने त्यालाही डेव्हलपर म्हटले असल्याने त्याची प्रतिष्ठा वाढली; काम मात्र पूर्वीच्याच वेळी येते. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असावी, समिती नव्हे, असा स्पष्ट दंडक असताना त्या व्यक्तीच्या पाठीशी विक्रीखाते, साहेब आणि साहेबांचे साहेब उभे असल्यामुळे मागणी निश्चित होण्यातच स्प्रिंटचा, म्हणजे कामाच्या एका ठरीव फेरीचा, पहिला आठवडा सरतो, दुसरा कोड लिहिणाऱ्यांच्या रानात मुरतो, आणि अखेरच्या रात्री उरलीसुरली ओल टेस्टरकडे सुटते. रोज सकाळी पंधरा मिनिटांच्या बैठकीत तो बापडा ‘अजून काम आले नाही’ असे निवेदन करतो, आणि स्क्रम मास्टर अपार सहानुभूतीने ते रंगीत चिठ्ठीवर टिपून मिसल दाखल करतो.

पुढे ग्राहकाकडे बिघाड निघाला की पहिला सवाल येतो, ‘हे तपासले कोणी?’ त्या सवालासरशी गेलेले सारे हुद्दे आपापल्या खुर्च्यांवर परत येऊन बसतात. कौतुकाची मेल टीमच्या नावे निघते. पगारवाढीचा कागद मात्र ज्याच्या त्याच्या नावे.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 याने पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारख्या जागा दिल्या. तेवढ्याने प्रत्येक चारीच्या टेलास पाणी पोचले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण सरकारी दफ्तरास जे सुचले, ते वातानुकूलित कचेऱ्यांस अद्याप सुचलेले नाही. तरी कंपनीमालकांस आमची अर्जी एवढीच, की स्प्रिंटच्या आखणीत पहिला शब्द टेस्टरचा असावा, आणि बिघाडाची वजावट करावयाचीच झाल्यास ती साहेबांच्या साहेबांपासून सुरू व्हावी.