डबल ऑक्युपन्सीतल्या दुसऱ्या व्यक्तीस

प्रति,
दुसरी व्यक्ती,
ट्विन शेअरिंग, खोलीचा उरलेला अर्धा भाग,
वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, फ्लोरिडा.

विषय : आपल्या वाट्याचे थकीत भाडे मिळण्याबाबत.

महोदय किंवा महोदया (यातलं नेमकं काय, ते बुकिंगच्या कागदांवर नाही),

आपली-माझी ओळख नाही. तरी गेल्या सहलीच्या पावत्या पाहता आपण माझ्याच खोलीत उतरला होतात, माझ्याच टॅक्सीतून आलात आणि माझ्याच पैशांनी फोटो काढून घ्यायचा हक्कही मिळवलात. पत्र खुलं लिहिते आहे, कारण आपला पत्ता कुठेच सापडत नाही. सापडतं ते फक्त आपलं भाडं.

आपला पहिला सुगावा मला इथे, घराजवळच लागला. परदेशी सहलीच्या जाहिरातीत आकडा हा एवढा मोठा असतो आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग तत्त्वावर’ असं असतं. त्या तत्त्वातलं अर्धं तत्त्व म्हणजे आपण. चौकशीला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, किती जण?” एक म्हटल्यावर “एकट्याच?” म्हणाली आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढला. आमच्या नातेवाइकांकडेही हाच प्रश्न असतो, पण ते निदान कॅल्क्युलेटर ओढत नाहीत.

म्हटलं, नको ती कंपनी, बेत आपला आपण आखू. डिस्नेच्या संकेतस्थळावर गेले, तर ‘प्रौढ’ या रकान्यात आपण आधीच येऊन बसला होतात. मी दोनाचा एक केला. भाडं एका सेंटनेही हललं नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. खर्च ज्याच्या नावावर पडतो त्याची सही पाहिजे, एवढं एकच अध्यात्म मला कळतं. आपली सही कुठेच नाही. म्हणून बजेटच्या वहीत आपल्या नावाचं एक सस्पेन्स खातं उघडलं आणि आपल्यापायी झालेला खर्च त्यात टाकत गेले. त्या खात्याचा हा उतारा.

आधी आपली बाजू मांडते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. डिस्ने वर्ल्डला जायचा खर्च दोन जातींचा असतो, डोईवर लागणारा आणि नगावर लागणारा. डोईवरच्या खर्चात आपला काही दोष नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची अर्ज-फी १८५ डॉलर, ती माझी मी भरली. विमानाचं तिकीट माझं. बागेचं तिकीट माझं. ते तारखेनुसार बदलतं. २०२५ साली एका दिवसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट ११९ डॉलरचं होतं आणि नाताळच्या गर्दीत मॅजिक किंगडम या बागेचं १९९ चं, वर साडेसहा टक्के कर. म्हणजे स्वस्तातला स्वस्त दिवसही रुपयांत दहा हजारांच्या वर. जास्त दिवसांचं एकत्र काढलं तर दिवसामागे दर उतरतो, हे मान्य. तीन वर्षांखालच्यांना फुकट, आणि दहा पूर्ण झाली की माणूस प्रौढ. दहा वर्षांचं पोर आणि मी, दोघांना एकच दर. आमची एसटी २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात नेते. तिथल्या खिडकीवर मी हा दाखला दिला नाही, एवढी समज मला आहे.

आता नगावरचे खर्च, जिथे आपण मुक्कामाला असता.

खोली घ्या. पॉप सेंच्युरी हे डिस्नेच्या स्वस्त गटातलं हॉटेल. विसाव्या शतकातल्या दशकांची सजावट, इमारतीएवढे यो-यो आणि रुबिक क्यूब, सगळं कसं उत्साही. खोलीत एक मोठा पलंग असतो आणि दुसरा भिंतीला उचलून लावायचा. तो उचलला की त्या जागी टेबल होतं. सगळा हिशोब मी त्या टेबलावर लिहिला, म्हणजे आपल्या बिछान्याच्या पाठीवर. वही छान राहते. बिछाना म्हणून कसा आहे ते आपणच सांगू शकाल. भाडं खोलीचं आहे, माणसाचं नाही. एक झोपा, दोन झोपा, आकडा तोच आणि वर साडेबारा टक्के कर. यातला निम्मा आपल्या खाती टाकला आहे, करासकट. बाहेरचं साधं मोटेल स्वस्त पडलं असतं, पण मग रोज टॅक्सी आली, आणि टॅक्सीतही आपण आलातच. पॉप सेंच्युरीहून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत स्कायलायनरचे पाळणे तारेवरून फुकट नेतात, बाकीच्या बागांना बस आहे. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, आणि खोली महाग घेऊन प्रवास वाचवला. एकट्या माणसाचं गणित बहुधा असंच सुटतं. जे नगावर मोजलं जातं ते एकदाच घ्यायचं आणि त्यातून निघेल तेवढं काढायचं.

विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गोष्ट तर मनाला लागण्यासारखी आहे. २००५ पासून डिस्नेची मॅजिकल एक्स्प्रेस नावाची बस होती, हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट. २०२२ उजाडलं आणि ती बंद झाली. आता टॅक्सी केली तर गाडीचे पैसे. चौघांच्या कुटुंबाला चौथा हिस्सा, मला अख्खी. डोईवर पैसे घेणाऱ्या शटल आहेत, त्या थांबत थांबत नेतात. परतताना मी शटलच घेतली. येतानाची टॅक्सी मात्र निम्मी आपल्या नावावर आहे. डिकीत आपलं सामान नव्हतं, हा बचाव चालणार नाही.

फोटोंचंही तेच. बागेतल्या फोटोग्राफरांनी काढलेले सगळे फोटो एका रकमेत मिळतात. रक्कम पूर्ण कुटुंबाला एक, आणि मलाही तीच. तो हक्क मी घेऊन बसल्यावर एका आजींनी सांगितलं, की त्याच फोटोग्राफरच्या हातात आपला फोन दिला तर तो त्यावरही फोटो काढून देतो, फुकट. ही माहिती संबंधितांनी ठळक टायपात छापायला हरकत नव्हती. असो. प्रत्येक फोटोत माझ्या डाव्या हाताला पुरेशी जागा सोडलेली आहे. ती आपली.

रांगांचा खर्च हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याला इतिहास आहे. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला आत जायचे साडेतीन डॉलर पडत, आणि खेळांची तिकिटं वेगळी, ‘ए’पासून ‘ई’पर्यंत. ‘ए’ म्हणजे किरकोळ, ‘ई’ म्हणजे भारी. आपल्या जत्रेत पाळण्याचे वेगळे आणि मौत का कुआँचे वेगळे देतात, तसंच. १९८२ साली ते चोपडं गेलं आणि एकदा पैसे भरा, दिवसभर बसा, असा कारभार आला. १९९९ पासून फास्टपास आला, म्हणजे रांगेत आपला नंबर लावून ठेवायचा आणि दुसरीकडे हिंडून यायचं, पैसे नाहीत. २०२१ मध्ये फास्टपास गेला आणि त्याच्या जागी आलेल्या लाइटनिंग लेनचे पैसे लागू लागले. २०२४ च्या शेवटी प्रीमियर पास निघाला, तारीख आणि बाग पाहून दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर, प्रवेशाचं तिकीट सोडून! म्हणजे फिरून जत्रेच्या हिशोबावर आलो. फरक इतकाच, की पूर्वी पाळण्यात बसायचे पैसे होते, आता उभं न राहण्याचे आहेत.

आणि इथे, महोदय किंवा महोदया, आपली गैरहजेरी पहिल्यांदा मला फळली.

डिस्ने वर्ल्डमध्ये काही खेळांना ‘सिंगल रायडर’ अशी वेगळी रांग असते, बिनपैशाची. अ‍ॅनिमल किंगडममधली एक्स्पेडिशन एव्हरेस्ट घ्या. गाडीत दोन-दोनच्या सतरा ओळी. आई, बाबा आणि एक मूल आलं की तिसऱ्याशेजारची जागा रिकामी पडते. रिकामी खुर्ची पळवणं कोणत्याही धंद्याला परवडत नाही, म्हणून तिथे एकटं माणूस कोंबतात. मोठ्या रांगेत कुटुंबं घाम पुसत असतात आणि मी बाजूने सरळ पुढे. ज्या सुखासाठी शेजारचा गृहस्थ चार जणांचे डॉलर मोजून आला, ते मला एकटी असल्याबद्दल फुकट मिळालं. आयुष्यात प्रथमच.

हॉलिवूड स्टुडिओजमधल्या मिलेनियम फाल्कन या अंतराळयानाच्या खेळातही ही रांग आहे. यानात सहा जण : दोन वैमानिक, दोन तोफा चालवणारे आणि मागच्या बाजूला दोन इंजिनिअर. वैमानिकाची जागा कुटुंबातली पोरं बळकावतात. सिंगल रायडरच्या रांगेतून येणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा मागची जागा येते, लुकलुकणारी बटणं दाबत बसायची. बारावीला माझे मार्क कमी पडले, त्याचं आमच्या आईला फार लागलं होतं. आज ती असती तर तिला फोन करून सांगितलं असतं, की लागला नंबर.

मुहूर्ताचाही फायदा आपण नसल्यामुळेच झाला. मुलांच्या शाळेला बांधलेली कुटुंबं मे आणि दिवाळी धरून निघतात. एकट्या माणसाला शाळा नाही. अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, की सप्टेंबरात तिकिटं आणि खोल्या दोन्ही उतरतात. ऊन असतं, दुपारी धो धो पाऊस येतो आणि तो चक्रीवादळांचा मोसमही असतो, म्हणून विमा काढूनच जावं. आपल्याकडे तेव्हा गणपती विसर्जन होऊन पितृपक्ष लागायला आलेला असतो. मी तोच मुहूर्त काढला. मावशी म्हणाली, “या पंधरवड्यात का कुणी मौजमजेला जातं?” मावशी, तुझ्यासारखं सगळ्यांना वाटतं म्हणूनच स्वस्त आहे.

शिवाय त्याच दिवसांत मॅजिक किंगडममध्ये काही रात्री भुताखेतांची हॅलोवीन पार्टी असते. आपण पितरांना पान वाढतो ते आमंत्रण देऊन; तिथे भुतांच्या पार्टीचं तिकीट वेगळं. मी ते घेतलं नाही. पण त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात, म्हणून हुशार लोक तो दिवस टाळतात, आणि म्हणून दिवसा रांगा छोट्या असतात. सहाला बाहेर पडायला मला काहीच वाटत नाही. बँकेत असताना तर कौतुक वाटलं असतं.

त्याच दिवशी हाँटेड मॅन्शनमध्ये गेले. हा खेळ १९७१ पासूनचा. वाड्यात ९९९ भुतं राहतात आणि हजाराव्याची जागा रिकामी आहे, अशी तिथली बतावणी. काळ्या डोलीसारख्या गाडीत दोघं-तिघं मावतात, मला एकटीला बसवलं. शेवटी गाडी आरशांसमोरून जाते, आणि आरशात दिसतं, की माझ्या शेजारी एक भूत येऊन बसलं आहे. अगदी खेटून. मागच्या गाडीतल्या बाई किंचाळल्या. मी म्हटलं, सापडलात! थकबाकीचा विषय काढणार, तोच गाडी उजेडात आली आणि शेजारी कुणी नव्हतं. वसुलीच्या कामात हा अनुभव मला नवा नाही.

खाण्याबद्दल फारशी तक्रार नाही. डिस्नेच्या बागांत आपलं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. झटपट जेवणाच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेला भरून फुकट देतात. चिवडा, दशम्या आणि कोरडी चटणी यांच्यावर दुपार निघाली. रात्री एकदा गरम म्हणून मागवलं, तर ताट दोघांना पुरेल एवढं. निम्मं उरलं. ते आपण खाल्लं नाहीत, तरी आपल्याच खाती आहे.

एक रकाना मात्र माझा मलाच आवरला नाही. जाताना एकटीच जाणाऱ्या बाईला परतताना बारा घरं असतात. भेटवस्तू डोईवर नाहीत आणि नगावरही नाहीत, त्या घरटी लागतात. मिकीच्या कानांची टोपी एकीला नेली तर तिच्या जावेला न्यावीच लागते. या रकमेचा भार आपल्यावर टाकायचा मोह झाला होता. पण आपल्या नातलगांपैकी कुणाला काही आणलं नाही, तेव्हा ते योग्य होणार नाही.

तरी खोली, टॅक्सी, फोटो आणि अर्धं ताट मिळून जी रक्कम होते, ती आपण लवकरात लवकर जमा करावी. हप्ते करून देईन. एकच विनंती आहे. पैसे पाठवा, स्वतः येऊ नका. आपण खरोखर आलात तर खोलीचं भाडं वाटलं जाईल, हे खरं. पण मग आपण म्हणणार जोडीने बसू या, आणि जोडीने बसायचं म्हटलं की मोठी रांग आली, नाहीतर लाइटनिंग लेनचे पैसे, तेही दोन डोयांचे. शिवाय आपल्या मुलांच्या शाळा असतील. मग मे महिना आला.

आपली,
१ प्रौढ

ता. क. : पुढच्या खेपेस डिस्नेची क्रूझ घ्यावी असं मनात आहे. तिथलं भाडं केबिनमागे दोन माणसं धरून लावतात, आणि एकटं माणूस गेलं तर दुसऱ्याचंही जवळजवळ पूर्ण त्याच्याकडूनच घेतात. म्हणजे बोटीवर आपण अर्धे नसून अख्खे आहात. तेव्हा आतापासूनच दरमहा रिकरिंग सुरू करावं. फॉर्म सोबत जोडला आहे. नॉमिनीच्या जागी माझं नाव भरून ठेवलं आहे.