सीबीआर किती आला?

सातारा-सांगलीकडे बी.एस्सी. भाग एकला केमिस्ट्री घेतलेला गडी ओळखायला ओळखपत्र लागत नाही. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग असतात आणि ब्युरेट स्टँडला लावण्याआधीच त्याने शेजाऱ्याला विचारलेलं असतं, "तुझा सीबीआर किती आला?" सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पायलट रीडिंगने अंदाज घ्यायचा, मग तीनदा टायट्रेशन करायचं आणि जुळलेला आकडा लिहायचा, अशी रीत आहे. हा गडी पायलटवर थांबतो. उरलेली तीन रीडिंगं बेंचवर बहुमताने मंजूर होतात. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग जेमतेम गुलाबी झाला की नळी बंद करायची असते. याच्या फ्लास्कमध्ये पैठणीला शोभेल असा राणी कलर उतरलेला असतो. वहीत मात्र ९.८, ९.८, ९.८. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बाटलीत बसल्याबसल्या बदलतो, पण बॅचचा ९.८ काही ढळत नाही. सॉल्ट ॲनालिसिसला निळे खडे मिळाले, की "कॉपर सल्फेट" हे उत्तर आधी आणि त्याला पोहोचवणाऱ्या टेस्ट मागाहून, सावकाश, रेघा मारून.

त्याला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तर तो चांगला केमिस्ट वाटतो. फक्त उत्तर चुकल्याने काही बिघडणार असेल, तरच तो केमिस्ट्री करतो. पुरावा तासगावच्या द्राक्षबागेत आहे. फळछाटणी झालेली, आभाळ भरून आलेलं, डाउनीची धास्ती. मिलार्देने १८८५ साली फ्रान्समध्ये मांडलेलं बोर्डो मिश्रण हाच गडी बॅरलमध्ये कालवतो : शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि तेवढाच चुना. मोरचूद म्हणजे प्रयोगशाळेतले तेच निळे खडे. पण चुना दर खेपेला सारख्या ताकदीचा नसतो, म्हणून तो वजनावर विसंबत नाही. घासलेला विळा मिश्रणात बुडवतो, वर काढून उन्हात निरखतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून मोकळं आहे आणि पानं करपणार. मग आणखी चुन्याची निवळी, पुन्हा विळा. इथे तो शेजारच्या बागवाल्याला "तुझा विळा कसा आला?" असं विचारत नाही. घड जळाल्यावर चुलत्यांना एक्स्परिमेंटल एररचं कारण देऊन चालत नाही.

कुणी म्हणेल, बाग वडिलोपार्जित आहे, तिथे हात बसलेला असतो. काचेच्या नळ्यांचं तसं नाही. मग कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकला साखर कारखाना आहे, तशा ठिकाणी बघावं. रस आम्लाकडे झुकला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि पोत्यात यायची ती मळीत जाते. असला रस तपासायला लॅब केमिस्ट म्हणून बसतो तो याच बेंचवरचा माजी विद्यार्थी, आणि रात्रपाळीतही आकडा नळीवरूनच वाचतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : शिकताना उत्तर ठरलेलंच असणार, गाणारा रोज नवा राग थोडाच शोधतो? कबूल. पण रियाजात सूर लागला का हे ऐकणारं कुणी असतं. इथे ऐकली जाते ती फक्त तीन आकड्यांची एकवाक्यता, आणि ती तर तोंडी जमते. उपायही अवघड नाही. प्रत्येकाला वेगळ्या ताकदीची बाटली द्यावी आणि त्या बाटलीच्या खऱ्या आकड्याजवळ कोण पोहोचलं, त्यावर गुण द्यावेत. शिक्षक म्हणतील, एवढ्या बाटल्या भरायच्या कुणी? हेही खरंच आहे, त्यांच्यामागे सबमिशनचे गठ्ठे असतात.

खरा विरोध मात्र लॅबमधल्या मामांकडून होईल. परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल चहाला गेले, की "मामा, किती येतोय?" म्हणून पोरं त्यांना गराडा घालतात आणि "साडेनवाच्या पुढं बघ जरा" एवढंच पुटपुटून मामा दरवर्षी एक अख्खी बॅच पास करतात. वीस वेगळ्या बाटल्या आल्या, तर त्यांना वीस आकडे पाठ करावे लागतील, आणि या वयात ते जमणार नाही.