फोन सायलेंटवर ठेवा, लेनसाहेब

श्री. गेरी लेन,
माजी तपासनीस, संयुक्त राष्ट्रसंघ,
सध्या मुक्काम फ्रीपोर्ट, नोव्हा स्कॉशिया, यांस



प्रथम आपले अभिनंदन. २०१३ साली आलेल्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ या चित्रपटात आपण बायको-मुलींना जहाजावर सोडलेत, कोरिया, जेरुसलेम आणि वेल्स असा दौरा केलात आणि मानवजात वाचवून सुखरूप परत आलात. इथे आम्हाला मे महिन्यात कोकणातल्या गाडीचे आरक्षण मिळत नाही. तेव्हा आपल्याबद्दल आदर आहेच. पण काही बाबींचा खुलासा व्हावा, म्हणून हे पत्र.

आधीच एक सांगून टाकतो. मेलेली माणसे उठून धावतात, याला माझी हरकत नाही. तिकीट त्याचेच काढले होते. झाडावर लटकणाऱ्या आणि वर कोडी घालणाऱ्या वेताळाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खपवून घेतले आहे. मात्र राजा बोलला की वेताळ झाडावर परत जाणार, हा नियम एकदा ठरला की ठरला. सोळाव्या खेपेला राजाने गप्पा मारल्या आणि वेताळ खांद्यावरच बसून राहिला, असे होत नाही. तसे झाले असते तर आजीलासुद्धा आम्ही मध्येच थांबवले असते. आपल्या चित्रपटात नेमके हेच होते आणि थांबवायला आजी सापडत नाही.

मुद्दा पहिला, बारा सेकंदांचा. फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर एका माणसाला चावा बसतो, जवळच एक बोलके खेळणे आकडे मोजत असते आणि बाराव्या आकड्याला तो माणूस तडफडून उठतो. एवढ्या गोंधळात आपण मनात हिशेब केलात, हे पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. पुढे न्यूअर्कच्या गच्चीवर आपल्या तोंडात रक्त उडाले, तेव्हा आपण कठड्यावर जाऊन उभे राहिलात आणि स्वतःचेच आकडे मोजलेत. उलटलोच तर खाली उडी, घरच्यांना धोका नको. संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत चांगला क्षण. त्यात नियम आहे, हिशेब आहे आणि बाप आहे.

पण मग साहेब, हा रोग जगभर पोहोचला कसा? विमानांनी, असे चित्रपटच सांगतो. बारा सेकंदांत? चावलेला माणूस विमानतळाच्या दारातली ओळखपत्राची तपासणीही ओलांडू शकणार नाही. खऱ्या जगात विमानाने पसरतात ते रोग, ज्यांत माणूस आजारी असूनही दोन-चार दिवस ठणठणीत दिसतो. चाव्याचाच रोग घ्यायचा, तर कुत्रा चावल्यावर रेबीजची लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. बारा सेकंदांचा रोग एखादे शहर खाईल, पण त्याला समुद्र ओलांडता येणार नाही.

ही चूक कुठून आली, तेही उघड आहे. मॅक्स ब्रुक्स यांच्या २००६ सालच्या मूळ कादंबरीत झोंबी रखडत चालतात आणि चावा बसलेला माणूस लगेच उलटत नाही. म्हणून तिथे रोग निर्वासितांबरोबर सरहद्दी ओलांडतो आणि ते पटते. आपल्या निर्मात्यांनी झोंबींना वेग दिला, रोगालाही वेग दिला, पण त्याचा प्रवास मात्र जुन्याच वेळापत्रकाने ठेवला. एक आकडा बदलला की खालची सगळी बेरीज पुन्हा करायची असते, हे तिथे कुणाच्या लक्षात आले नसावे.

याच हिशेबात बेलारूसचे ते प्रवासी विमान. जेरुसलेम पडते, आपण धावपट्टीवरून त्यात चढता, दारे बंद होतात, विमान ढगांवर पोहोचते, सगळे हुश्श करतात. आणि मग एका बाईच्या मांडीवरचे छोटे कुत्रे भुंकायला लागते. मागच्या बाजूच्या बंद जागेतून झोंबी निघतो! हा इसम तिथे केव्हा चढला? चावा बसल्यावर चढला असेल तर बारा सेकंदांत सामान ठेवून, आत शिरून, दार लावून बसला. आधीच उलटलेला असेल, तर उड्डाणाच्या एवढ्या आवाजात दार न ठोठावता बसला. आवाजाने पिसाळतात, हा तर आपलाच नियम ना?

विमानाच्या इंधनाचेही विचारायचे आहे. जेरुसलेमहून मिन्स्क साधारण अडीच हजार किलोमीटर. तुम्ही ते वळवून कार्डिफला न्यायला लावलेत, ते अंतर पावणेचार हजारांच्या घरात. आमचा रिक्षावाला अर्धा किलोमीटर जास्त सांगितला तरी मागे वळून बघतो. त्या वैमानिकाने इंधनाच्या काट्याकडेही पाहिले नाही. मग आपण आत हातबाँब फोडलात, विमान वेल्समध्ये कोसळले आणि कोसळले तेही असे नेमके, की जखमी माणसाला चालत जाता यावे इतक्या अंतरावर जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा. पोटात धातूचा तुकडा घुसलेला. तीन दिवसांनी शुद्ध आली आणि लगेच हातात पहार घेऊन मोहिमेवर! आमच्याकडे अपेंडिक्सचे टाके असलेल्या माणसाला बादलीही उचलू देत नाहीत. आपल्याबरोबरच्या त्या इस्रायली सैनिक मुलीचा, सेगेनचा, तर हातच तोडला होता.

कोरियाबद्दल थोडे सविस्तर बोलावे लागेल. तिथल्या अमेरिकी तळावर रात्र आहे, पाऊस आहे, झोंबी अंधारात पेंगत उभे आहेत. विमानापर्यंत पोहोचायचे, तर जराही आवाज चालणार नाही. म्हणून आपण आणि सैनिक सायकलींवरून, श्वास रोखून निघता. सायकल ही कल्पना उत्तम होती, पुणेकरांतर्फे विशेष आभार. आणि भर अंधारात आपल्या खिशातला सॅटेलाइट फोन खणखणतो. बायकोचा फोन! साहेब, नाटक सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे घोषणा होते, तरी तिसऱ्या रांगेतले काका ऐकत नाहीत, हे मान्य. पण काकांमुळे फार तर संवाद बुडतो. आपल्यामुळे सैनिक गेले. संयुक्त राष्ट्रसंघात इतकी वर्षे युद्धभूमीवर काढलेल्या माणसाला आवाज बंद करण्याचे बटण दाखवावे लागावे, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याआधी तो तरुण विषाणुतज्ज्ञ, डॉ. फासबाख. जगाची सगळी आशा त्याच्यावर. विमानात तो निसर्गाच्या क्रूरपणावर असे सुंदर बोलतो की वाटते, आता हा काहीतरी शोधणार. उतरताच पावसात घसरतो आणि स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून मरतो. मला हे आवडले, खोटे कशाला बोलू? पण मानवजातीचा शेवटचा शास्त्रज्ञ म्हणून त्याला सैनिकांच्या गराड्यात आणल्यावर त्याच्या हातात भरलेले पिस्तूल आणि त्याचे बोट खटक्यावर कुणी ठेवू दिले?

आता दात. याच तळावर कोठडीत बसलेला गुप्तहेर खात्याचा माजी माणूस आपल्याला सांगतो की उत्तर कोरियाने चोवीस तासांच्या आत आपल्या २ कोटी ३० लाख लोकांचे सगळे दात उपटले. दात नाहीत, चावा नाही, रोग नाही. तर्क झकास आहे. मी कागद-पेन्सिल घेतली. चोवीस तासांत १,४४० मिनिटे. म्हणजे मिनिटाला जवळजवळ १६ हजार माणसे. दंतवैद्य दहा हजार धरू आणि कुणी झोपले नाही, जेवले नाही, चहालाही उठले नाही असे मानू. एकेकाच्या वाट्याला २,३०० तोंडे. एका तोंडाला ३७ सेकंद. प्रौढ माणसाचे बत्तीस दात, म्हणजे एका दाताला सव्वा सेकंदही पुरा नाही. माझी एक अक्कलदाढ काढायला डॉक्टरांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला होता आणि त्या काळात त्यांनी दोनदा कंबर सरळ केली. शिवाय शेवटच्या दंतवैद्याचे दात कुणी काढले? तो गुप्तहेर अर्धवट वेडा आहे, त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, असे आपण म्हणाल. मान्य. पण त्याच माणसाने सांगितले म्हणून आपण जेरुसलेमचे विमान पकडलेत.

जेरुसलेमचे थोडक्यात आटोपतो. भिंतीच्या आत लोक ध्वनिवर्धकावर गाणे म्हणतात, म्हणून झोंबी खवळून एकमेकांच्या अंगावर चढत भिंत ओलांडतात. मुंग्यांसारखी ती चढाई पडद्यावर थरारक दिसते. पण त्याच भिंतीवर हेलिकॉप्टर घिरट्या घालतात, जवळच विमाने उतरतात, त्याने कुणाची झोपमोड होत नाही. भजनाने मात्र होते. आणि भिंत उभारली कशावरून? भारतीय सेनापतीच्या एका संदेशावरून, ज्यात म्हणे राक्षसांशी लढत असल्याचा उल्लेख होता. आमच्या संदेशावर इस्रायल वाचले, हे ठीक. पण मग चित्रपटात आमच्या वाट्याला तो एक शब्द आणि पडद्यावर अर्धी गल्लीसुद्धा नाही? किमान मुंबई सेंट्रलचा एखादा फलाट दाखवायचा. तिथली गर्दी दाखवायला संगणकाचा खर्चही आला नसता.

ठिकाणांची गंमत वेगळीच. फिलाडेल्फिया म्हणून दाखवलेला चौक स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा जॉर्ज स्क्वेअर आहे, २०११च्या उन्हाळ्यात तिथे गाड्या आणून आपटल्या. जेरुसलेमचे बरेचसे चित्रण माल्टात. आपल्या कुटुंबाला आसरा देणारे अमेरिकी जहाज प्रत्यक्षात ब्रिटिशांचे ‘आर्गस’. ही लबाडी मी चूक मानत नाही. सगळेच करतात. फक्त ग्लासगोच्या माणसाला ते पाहताना काय वाटले असेल, एवढाच विचार येतो. आमच्याकडे २०२२ साली ‘झोंबिवली’ आला. डोंबिवलीकर झोंबीला घाबरण्याआधी ही गल्ली पूर्वेची की पश्चिमेची, हे ठरवतो.

खरी गडबड शेवटाची. मूळ शेवट मॉस्कोत होता, मोठ्या लढाईचा. तो बुडापेस्टमध्ये चित्रित होत असताना २०११ साली हंगेरीच्या दहशतवादविरोधी पथकाने चित्रीकरणासाठी आणलेल्या बंदुका जप्त केल्या, कारण त्या खऱ्याखुऱ्या चालतील अशा निघाल्या. चित्रपटभर काल्पनिक संकट आणि पोलीस मात्र खरे! पुढे ती लढाई कापली गेली, शेवट नव्याने लिहिला आणि आपण कार्डिफला आलात.

त्या प्रयोगशाळेत जागतिक आरोग्य संघटना जगातले प्राणघातक जंतू तिजोरीत ठेवून बसली आहे. संघटनेचे मुख्यालय जिनिव्हाला, युरोपचे कार्यालय कोपनहेगनला. तिची कामे निरनिराळ्या देशांतल्या संस्था करतात, जंतूही त्यांच्याच कपाटांत असतात. देवीचा विषाणू तर जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात नोव्होसिबिर्स्कजवळ. आमच्या पुण्यात १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तिच्याकडे सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळाही आहे. अशा जागी हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही, हवा भरलेला पोशाख घालून आत जातात आणि औषधी फवाऱ्याखाली उभे राहून बाहेर येतात. आपण आत शिरलात ते स्वेटर आणि पहार घेऊन.

आणि जीवघेणा आजार असलेल्याला झोंबी टाळतात, या तर्कावर कपाटातली कोणती तरी कुपी उचलून आपण सुई टोचून घेतलीत. हे दृश्य मला फार आवडते, तो कॅमेऱ्यासमोर धरलेला घरच्यांसाठीचा निरोपसुद्धा. पण टोचल्यावर काही मिनिटांतच झोंबी आपल्याला ओलांडून गेले! साध्या फ्लूला लक्षणे दाखवायला एक ते चार दिवस लागतात, टायफॉइडला एक ते तीन आठवडे. शिवाय असे जंतू उणे ८० अंशांत गोठवून ठेवतात, आधी ते वितळवावे लागतात. आपण मात्र बाहेर येऊन सरळ पेप्सी प्यायलात. आणि मरणपंथाला लागलेल्या माणसाला झोंबी हात लावत नाहीत, तर जगभरातले अतिदक्षता विभाग पहिल्याच दिवशी सुरक्षित राहिले असते. ते रात्रपाळीच्या एखाद्या नर्सच्या लक्षात आले असते. तुम्ही तीन खंड फिरलात. ती चहा प्यायला जाण्याआधी वरिष्ठांना सांगून मोकळी झाली असती.

एवढे लिहून काही फरक पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. सुमारे १९ कोटी डॉलर खर्चून केलेल्या आपल्या चित्रपटाने जगभरातून ५४ कोटींच्या आसपास कमावले, आणि त्यात माझ्या तिकिटाचेही पैसे आहेत. दुसऱ्या भागाची तयारी चालली होती, ती २०१९ साली थांबवली गेली. तेव्हा बाकीचे सारे मुद्दे मागे घेतो. दातांचा हिशेब, इंधन, भजन, सगळे. फक्त विमानाच्या मागच्या बाजूला तो माणूस केव्हा आणि कसा चढला, तेवढे सवडीने कळवावे. पोस्टकार्ड चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिकीट काढून पाहिलेला एक प्रेक्षक