टोकदार कोपऱ्यांचे अर्थशास्त्र

अमेरिकेतील बेसबॉल-कार्ड, म्हणजे खेळाडूचे चित्र छापलेला तळहाताएवढा पुठ्ठा, आधी सिगारेट आणि पुढे च्युइंगगम खपवण्यासाठी वापरात आले. कालांतराने कार्डावर डाग पडतात म्हणून कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीने १९९०च्या दशकाच्या आरंभी गमच पाकिटातून हद्दपार केला आणि आमिष तेवढे माल म्हणून उरले.

या व्यवहाराचा मूलभूत नियम असा की, जपलेल्यापेक्षा फेकलेल्याला मोल अधिक. टॉप्सने १९५२च्या मालिकेतील न खपलेली खोकी पुढे समुद्रात बुडवल्याचे सांगितले जाते, आणि त्याच मालिकेतील बेसबॉलपटू मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. हा धडा गिरवत १९८०च्या दशकाअखेर असंख्य सुज्ञांनी भविष्याची तरतूद म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर रचली. कंपन्यांनीही मागणीस जागून अमाप छपाई केल्यामुळे त्या तरतुदीतील बहुतांश कार्डांना आज रद्दीचा भाव येतो.

संग्राहकाचा परमानंद ‘ग्रेडिंग’मध्ये, म्हणजे तज्ज्ञाकडून कार्डाचे कोपरे, कडा व पृष्ठभाग तपासून दहापैकी गुण मिळवण्यात आणि नंतर ते पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करण्यात असतो. कोपऱ्यावरचा, भिंगाखालीच दिसणारा पांढरा ठिपका दहाचे नऊ करतो आणि किंमत धाडकन खाली आणतो. त्यामुळे ज्या मुलाने कार्ड खिशात कोंबले आणि मित्राशी अदलाबदल केली, त्याने मजा लुटली असली, तरी मालमत्तेची अक्षम्य हानी केली, असाच निष्कर्ष शास्त्रास काढावा लागतो.