तीन टक्के

तुमच्याही सोसायटीत असे एक नाना असतीलच. आमच्या नानांकडे पाणीकपातीची नोटीस प्रिंटला दिली, आणि पाणी जाऊन परत आलं तरी नोटीस फळ्यावर लागली नाही. कारण प्रिव्ह्यू.

नाना पीडीएफ आधी क्रोममध्ये उघडतात, मग फायरफॉक्समध्ये, मग एजमध्ये. कंट्रोल-पी दाबून काचेला स्टीलची फूटपट्टी लावतात, मापं घेतात, कॅल्क्युलेटर बडवतात. "हा पठ्ठ्या तीन टक्के खातोय!" शेजारच्या खिडकीत पान पूर्ण मापाचं, तर शेवटची ओळ कापलेली. "१९९३ पासून सांगताहेत, पीडीएफ कुठेही उघडा, सारखीच दिसेल. दिसेल हो! छापेल कुठं म्हणाले?" क्रोमच्या पोटात पीडीएफियम आणि फायरफॉक्सचा पीडीएफ-वाचक जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, हे त्यांनी मला जिन्यात, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना समजावलंय. "डोकं एकच, न्हावी निराळे. भांग सारखा कसा पडेल?"

कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला त्यांना पाहिलं की शटर तीन टक्के खाली ओढतो. एका लग्नात त्यांच्या ताटाबाहेर पुरणपोळी लोंबत होती. मी म्हटलं, "नाना, फिट टू पेज करा." ते हसले नाहीत. पोळीची रुंदी मात्र नजरेनं मोजली.

परवा रात्री साडेदहाला बेल. त्यांची शाई संपली होती. फाइल अमेरिकेतून मुलानं पाठवलेली, म्हणजे कागद तिकडचा 'लेटर', २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० रुंद. ती सहा मिलिमीटर मावावीत म्हणून 'फिट' सगळं पानच आक्रसतं. तेच ते तीन टक्के.

पानावर पाच वर्षांच्या नातवानं पेन्सिलीनं गिरवलेला स्वतःचा पंजा.

"समास कापला गेला तर जाऊ दे," नाना म्हणाले. मी दचकलोच. "पंजा पुरा हवा."

शंभर टक्के करून छापलं. नानांनी खिशातून घडी घातलेला गेल्या दिवाळीचा पंजा काढून शेजारी ठेवला, दोन्हींना फूटपट्टी लावली आणि गप्प झाले.

"गेल्या वर्षीचा फिट टू पेज छापलाय," ते म्हणाले. "पोर वाढलं किती आणि प्रिंटरनं खाल्लं किती... कागद-पेन्सिल आहे का रे?"

माझ्याच टेबलावर त्यांनी त्रैराशिक मांडलं. शेजारचा चहा निवला.