स्वमत, गुण ३

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत गद्य उताऱ्याखाली तीन कृती येतात. पहिल्या दोन आकलनाच्या, दोन-दोन गुणांच्या. तिसरी 'स्वमत', गुण ३. मुलाने उतारा वाचावा, विचार करावा आणि आपल्याला काय वाटतं ते आपल्या शब्दांत लिहावं, अशी यामागे परीक्षा मंडळाची भाबडी अपेक्षा. आपल्याला काय वाटतं हे मुलाला परीक्षेत कळतं. आम्हाला ते आदल्या मे महिन्यातच कळलेलं असतं, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात गाइड पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पोचवायचं असतं.

गाइड काढणाऱ्या प्रकाशनाच्या पगारपत्रकावर माझा हुद्दा 'संपादकीय सहायक' असा आहे. प्रत्यक्षात मी स्वमत लिहितो, दुसऱ्यांचं. काम वाटतं तितकं सोपं नाही. साध्या माणसाला स्वतःचं एक मत सांभाळताना नाकी नऊ येतात. आम्हाला एका सीझनमध्ये चार-पाच इयत्तांची सांभाळावी लागतात. मत असं हवं की गडचिरोलीच्या मुलाला ते आपलं वाटावं आणि गिरगावच्या मुलीलाही. तपासणाऱ्या बाई मोर्चाला जाणाऱ्या असोत की पारायणाला बसणाऱ्या, तीनपैकी तीन पडलेच पाहिजेत. सुरुवात 'माझ्या मते'ने करायची. मग दोन कारणं. तिसरं दिलं तर मूल पहिलं विसरतं. शेवटी एक संत आणि 'ही काळाची गरज आहे'. आमच्या कार्यालयातून बाहेर पडलेली प्रत्येक गोष्ट आजवर काळाची गरज ठरली आहे : पाणी, मैत्री, वाचन, आजी. हो, आजीसुद्धा.

मध्यंतरी मराठीत एम.ए. झालेल्या एक मॅडम नव्याने रुजू झाल्या. त्यांना 'झाडांचे आपल्या जीवनातील स्थान' यावर स्वमत लिहायला दिलं. त्यांनी लिहिलं, आमच्या घरासमोरची चिंच रस्ता रुंद करायला तोडली ते मला आवडलं नाही, पण आता एसटी दारापर्यंत येते ते मात्र आवडतं, तेव्हा माझं मत अजून ठरायचं आहे. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे तुमचं मत झालं. आपल्याला मुलांचं स्वमत हवंय." मग तांबड्या पेनने चिंच काढून वड घातला, एसटी काढून ऑक्सिजन घातला आणि शेवटच्या ओळीत तुकाराम महाराज आले. मॅडम मुळात हुशार. आता दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या धड्याची मतं उरकून मोकळ्या होतात. शेजारी बसणाऱ्या दोघांचं स्वतःचं मत तंतोतंत सारखं येऊ नये, म्हणून 'नमुना उत्तर २' द्यायची टूमही त्यांचीच.

गाइडच्या मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असतं, 'अनुभवी शिक्षकांच्या मंडळाने तयार केलेले'. या मंडळात मी, त्या मॅडम, डीटीपी करणारा मुलगा आणि एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक काका आहोत. लेखक म्हणून नाव असतं एका माजी मुख्याध्यापकांचं. सर फार प्रेमळ. मानधनाचं पाकीट घेतात, दोन डझन प्रती पिशवीत भरतात आणि दरवर्षी न चुकता विचारतात, "यंदा मी काय लिहिलंय?"

काकांचा जीव रफारात अडकलेला. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेला की रफार उडतात, आणि मग काका पानापानावर ते हाताने बसवत राहतात. एका सीझनला घाई झाली आणि स्वातंत्र्यलढ्यातले झाडून सगळे कार्यकर्ते 'कायकते' म्हणून छापले गेले. उभ्या महाराष्ट्रातून एक तक्रार आली नाही. काकांना अन्न गोड लागेना. मालकांनी मात्र त्यातून योग्य तो बोध घेतला आणि पुढच्या वर्षीपासून दुसरं प्रूफ बंद केलं.

लोक आम्हाला शिक्षणाचे शत्रू समजतात. अहो, शिक्षण खात्याचे आमच्याइतके निस्सीम भक्त शोधून सापडणार नाहीत. कोठारी आयोगाचा अहवाल आला, पाठोपाठ १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तक सरकारच छापू लागलं. खासगी प्रकाशकाच्या वाट्याला पुस्तकाच्या आजूबाजूची जागा आली : गाइड, व्यवसायमाला, अपेक्षित प्रश्नसंच. वाटणीबद्दल आमची तक्रार नाही. पुस्तक सरकारचं, पुस्तकाची भीती आमची. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तक फुकट मिळतं. गाइडला पैसे मोजावे लागतात. साहजिकच घराघरात मान गाइडला.

घोकंपट्टी हटवायचा निर्धार वर कुणी केला की आमच्याकडे पेढे येतात. प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली, नवी आवृत्ती. ज्ञानरचनावाद आला, नवी आवृत्ती, चौकटी जास्त. मार्च २०१९च्या परीक्षेला भाषांच्या तोंडीचे गुण काढून घेतले आणि दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. महाराष्ट्र हळहळला, आमचं गोदाम रिकामं झालं. पुढच्या वर्षी गुण परत दिले, पुन्हा नवी आवृत्ती. अशुभ म्हणावं असं वर्ष एकच, २०२१. परीक्षाच रद्द, आणि निकाल ९९.९५ टक्के! पेपर न लिहिता, गाइड न घेता एवढी पोरं पास होतात हे पाहून मालकांचा शिक्षणावरचा विश्वासच उडाला.

तसा एक हादरा २०२३-२४ मध्येही बसला होता. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून सरकारने पाठ्यपुस्तकातच धड्याधड्यामागे वहीची कोरी पानं बांधली. कार्यालयात सुतकी कळा आली. कोरं पान म्हणजे ज्यावर उत्तर नाही असं पान, आणि आमच्या धंद्यात असं पान कुणी पाहिलेलं नव्हतं. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी तोडगा निघाला : 'कोऱ्या पानावर काय लिहावे?', पाठनिहाय मार्गदर्शन, गाइडसोबत मोफत. पुरवणी बरी चालली होती. पण मुलं वह्या आणायची ती आणतच राहिली, आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने पानं मागे घेतली. रद्दीवाल्याने त्या पुरवणीला भाव चांगला दिला. कागद मॅपलिथो होता.

मग हिंदीचं प्रकरण उपटलं. २०२५च्या १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, पहिलीपासून हिंदी. १७ जूनला सुधारित निर्णय, हिंदी पण 'सर्वसाधारणपणे'. २९ जूनला दोन्ही रद्द. बाहेर मराठीचं काय होणार यावर रान पेटलं होतं. आत प्रश्न एवढाच होता की फर्मे किती छापून झाले. आमचे मालक मराठीचे कडवे अभिमानी, गाडीचा नंबरसुद्धा देवनागरीत. पण पहिलीच्या हिंदी सराव पुस्तिकेच्या चार फर्म्यांपैकी तीन बाइंडरकडे जाऊन पडलेले. त्यामुळे अडीच महिने त्यांची भूमिका तळ्यात-मळ्यात. सकाळी मोर्चाला पाठिंबा द्यायचे आणि दुपारी प्रेसवाल्याला फोन करून 'मशीन थांबवू नका' म्हणायचे. एकदा तर दोन्ही फोन एकाच वेळी आले आणि त्यांनी मोर्चावाल्यांना डिलिव्हरीची तारीख विचारली. निर्णय रद्द झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिलबी आली. सगळ्यांनी मराठीच्या नावाने तोंड गोड केलं आणि त्याच चिकट हातांनी पुस्तिकांवर 'छंदवर्गासाठी उपयुक्त' असे स्टिकर लावले. तेवढ्यात बातमी आली की त्रिभाषा सूत्रावर डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाणार. मालकांनी जिलबी खाली ठेवली आणि चौथा फर्माही छापून ठेवायला सांगितला.

सध्या नव्या शैक्षणिक धोरणाची धामधूम आहे. २०२५-२६ पासून पहिलीचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आता तो पायरी-पायरीने वर चढतो आहे. त्यात मुलाने कृतीतून शिकावं, अनुभवातून शिकावं, स्वतः प्रश्न विचारावेत आणि पाठांतराच्या मागे लागू नये, असा आग्रह आहे. मालकांनी त्या अभ्यासक्रमाचा मसुदा आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. मुलं आता स्वतः प्रश्न विचारणार म्हणजे प्रश्नांचंही गाइड लागणार, हे त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. 'मुलांना पडणारे संभाव्य प्रश्न' हा भाग माझ्याकडे आहे. जाहिरातीची ओळ मॅडमनी लिहिली : 'घोकंपट्टीला कायमचा रामराम! पाठ करण्यास अतिशय सोपी उत्तरे.' मालकांनी एकच दुरुस्ती केली. 'अतिशय'च्या जागी 'अत्यंत' घातलं, जागा वाचते म्हणून.